ओपन बॉक्समधली हार्मोनियम: कुठली घ्यावी, कुठली सोडून द्यावी

मोठ्या ऑनलाइन दुकानांच्या ‘ओपन बॉक्स’ विभागात आता पेट्याही दिसू लागल्या आहेत. नव्या पेटीपेक्षा चार-पाच हजारांनी स्वस्त, घरपोच, आणि नाही पटली तर परत करायची सोय. संगीतकार मौलाबक्षांनी १८८६ साली जिथे गायनशाळा सुरू केली आणि सूरसागरकाठचं म्युझिक कॉलेज आजही चालू आहे, त्या बडोद्यात पेटी का घ्यायची हे कुणाला समजावावं लागत नाही. प्रश्न एवढाच असतो की ही स्वस्तातली, कुणीतरी परत केलेली पेटी घ्यावी का?

उत्तर आधीच सांगून टाकतो. घ्यावी, पण सवलत किती टक्के आहे हे बघून नव्हे. ती पेटी का परत आली असेल आणि तिच्यातला दोष कुठल्या जातीचा आहे, हे बघून घ्यावी. दहा टक्के सवलतीतली एखादी पेटी सोन्यासारखी निघते आणि चाळीस टक्के सवलतीतली दुरुस्तीलाही परवडत नाही.

परीक्षणासाठी घेतलेली पेटी मधल्या दर्जाची होती. ४२ पट्ट्या, खर्ज (जाड) आणि नर (त्याहून वरचे) अशा सुरांच्या, म्हणजे आतल्या पितळी जिभांच्या, दोन ओळी, ९ स्टॉप (हवा सोडणारे-अडवणारे समोरचे खुंटे), कपलर (दोन पट्ट्या एकदम दाबणारी जोडणी), सात घड्यांचा भाता. स्केल चेंजर, म्हणजे पट्ट्या सरकवून स्वर बदलायची सोय, नाही. नवीची किंमत १८,५०० रुपये, ओपन बॉक्समध्ये १३,९००. यादीत दोषाचं वर्णन एका ओळीत होतं: ‘किरकोळ ओरखडे, वाजवून तपासलेली’. फोटो मात्र नव्या पेटीचेच लावलेले. इथूनच तक्रारीला सुरुवात होते. परत आलेल्या वस्तूचा फोटो त्याच वस्तूचा हवा. तो नसेल तर खरेदीआधी विक्रेत्याला प्रश्न विचारून लेखी उत्तर घ्या: भात्याच्या कोपऱ्यांचा फोटो, पट्ट्यांचा समोरून फोटो आणि आतल्या जाळीचा फोटो. उत्तर आलं नाही तर ती पेटी सोडून द्या, दुसरी मिळते.

यादीतले शब्द नीट वाचायला हवेत, कारण सगळे एकाच अर्थाने वापरले जात नाहीत. ‘ओपन बॉक्स’ म्हणजे ग्राहकाने खोका उघडून परत केलेली. ‘डिस्प्ले पीस’ म्हणजे दुकानात मांडून ठेवलेली. तिच्यात धूळ जास्त, आणि काचेजवळ ठेवली असेल तर एका बाजूला ऊन लागून पॉलिश फिकं पडलेलं. ‘फॅक्टरी सेकंड’ म्हणजे कारखान्यातच पॉलिशमध्ये किंवा लाकडाच्या रंगात खोट निघालेली, ग्राहकाकडे कधी न गेलेली. शिकणाऱ्यासाठी ही सगळ्यांत चांगली खरेदी, कारण आवाजाला काही झालेलं नसतं. ‘रिफर्बिश्ड’ हा शब्द मोबाइलच्या बाबतीत ठीक आहे. तिथे ठरलेली तपासणी असते. पेटी कुणी रिफर्बिश केली? ज्याला सूर लावता येतात अशा कारागिराने, की गोदामात पुसून पुन्हा टेप मारणाऱ्याने? हे यादीत लिहिलेलं नसेल तर त्या शब्दाला काही किंमत देऊ नका.

आणखी एक घोळ. ‘ओपन बॉक्स डिलिव्हरी’ ही वेगळीच गोष्ट. त्यात डिलिव्हरीवाला तुमच्यासमोर खोका उघडून वस्तू दाखवतो आणि मग ओटीपी घेतो. ओटीपी दिला की बाहेरून दिसणाऱ्या तुटफुटीची तक्रार पुढे चालवणं अवघड जातं. डिलिव्हरीवाला घाई करतो, पण भाता उघडून बघितल्याशिवाय आणि दोन-चार पट्ट्या वाजवल्याशिवाय ओटीपी देऊ नका.

आता मुख्य मुद्दा, पेटी परत का येते. पेटी परत करणाऱ्यांत पहिल्यांदाच पेटी घेणारे बरेच असतात, आणि त्यांच्या तक्रारी पुष्कळदा पेटीच्या नसतातच. ९ स्टॉपच्या पेटीत सहसा ४ मुख्य आणि ५ ड्रोनचे, म्हणजे एकच सूर धरून ठेवणारे, असतात. मुख्य स्टॉप आत ढकललेले असतील तर हवा सुरांपर्यंत पोचतच नाही. भाता मारला, पट्टी दाबली, आवाज नाही. ग्राहक लिहितो, ‘बंद आहे’. उलट ड्रोनचा एखादा स्टॉप बाहेर ओढलेला राहिला तर पट्टी न दाबताच एक सूर सतत घुमत राहतो. ग्राहक लिहितो, ‘आपोआप वाजते’. कपलर चालू राहिला तर एक पट्टी दाबल्यावर सप्तकभर अंतरावरची दुसरीही खाली जाते. ग्राहक लिहितो, ‘पट्ट्या चिकटल्या आहेत’. या तीन कारणांनी परत आलेल्या पेट्यांमध्ये काही बिघडलेलं नसतं. विक्रेत्याला ‘परत करण्याचं कारण काय होतं’ असं विचारा, आणि उत्तर यांपैकी एक असेल तर बिनधास्त घ्या.

परत येण्याचं दुसरं कारण म्हणजे प्रवास, आणि खरं नुकसान तिथेच होतं. नवी पेटी कारखान्यातून निघताना भात्याची कडी लावलेली, स्टॉप आत, पट्ट्यांवर कापड किंवा फोम, आठही कोपऱ्यांना थर्मोकोल अशी भरलेली असते. ग्राहक ती परत भरतो तेव्हा यातलं निम्मं फेकलेलं असतं. मग गोदाम, आणि गोदामातून तुमच्याकडे. म्हणजे तुमच्या दारात येईपर्यंत तिचा तिसरा प्रवास झालेला असतो, आणि शेवटचे दोन अर्धवट पॅकिंगमध्ये. दहा-बारा किलोचं लाकूड कोपऱ्यावर आपटलं की तो हादरा थेट सुरांच्या पाटीपर्यंत, म्हणजे सूर ज्या फळीवर बसवलेले असतात तिथपर्यंत, जातो.

परीक्षणाच्या पेटीत नेमकं हेच झालं होतं. खोक्यावर जुन्या लेबलवर नवं लेबल, टेपचे दोन वेगळे रंग. आत थर्मोकोलचे फक्त दोन कोपरे, बाकी जागा वर्तमानपत्रांनी भरलेली. भात्याची एक कडी सुटलेली आणि तिचा स्क्रू लाकडात सैल झालेला, भोक मोठं झालं होतं. भाता प्रवासात उघडझाप करत आल्यामुळे उजवीकडच्या खालच्या घडीच्या कोपऱ्यावर चामडं नखाएवढं उकललं होतं. पुढचा एक स्टॉप तिरका. तार सप्तकातल्या पांढरी तीनचा नर सूर मुका, आणि मंद्रातल्या काळी दोनचा खर्ज सूर फरफरत होता. बाकी ४० पट्ट्यांवर दोन्ही ओळी स्वच्छ बोलत होत्या. यादीतल्या ‘किरकोळ ओरखड्यां’मध्ये यातलं काहीच बसत नाही. तरीही ही पेटी ठेवण्यासारखी होती. का ते पुढे येईल.

पेटी आली की तपासायचं कसं? पहिल्यांदा खोक्याच्या लेबलपासून सुरुवात करून सलग व्हिडिओ काढा, मध्ये न थांबवता. तक्रारीत हा व्हिडिओ कामाला येतो. तुकड्यातुकड्यांचा येत नाही. मग पेटी घरात काही तास तशीच राहू द्या. डिलिव्हरीच्या गाडीतून तापून आलेल्या लाकडावर लगेच सूर मोजण्यात अर्थ नाही. सुराची मोजणी दुसऱ्या दिवशी करा.

भाता पूर्ण उघडा आणि अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च आतल्या बाजूला धरून बाहेरून घड्या बघा. जिथून उजेड दिसतो तिथून हवा जाते. घड्यांचे कोपरे आणि बिजागरीची रेघ या दोन जागा पहिल्या बघायच्या. त्यानंतर सगळे स्टॉप आत ढकलून भाता मारा. दोन-तीन हात मारल्यावर भाता कडक व्हायला हवा आणि हात सोडला तर तसाच रोखलेला राहायला हवा. स्टॉप बंद असूनही भाता मऊच राहत असेल तर हवा कुठेतरी निसटते आहे. कान बिजागरीपाशी आणि आतल्या तळाशी लावा. निसटणाऱ्या हवेचा फुसकारा ऐकू येतो.

आतला भाता बाहेरून दिसत नाही, पण तोच सूर स्थिर ठेवतो. बाहेरचा भाता हवा भरतो. आतल्या भात्याच्या स्प्रिंगा तो दाब सारखा राखून सुरांकडे पाठवतात. आदळआपटीत स्प्रिंग जागची हलली की सूर हाताच्या हालचालीबरोबर हेलकावे घेतो. तपासणी सोपी आहे: एक पट्टी धरून ठेवा, भाता एकदा भरा आणि हात काढून घ्या. सूर शेवटपर्यंत सारखा राहून मग विरून गेला पाहिजे. मध्येच तो खाली-वर झाला तर स्प्रिंग हलली आहे किंवा आतला भाता अडकतो आहे.

मग सूर. दोन्ही ओळी एकत्र वाजवून काही कळत नाही, कारण एक सूर मुका असला तरी दुसरा झाकून घेतो. ओपन बॉक्सच्या पेटीत हीच गोष्ट सगळ्यांत जास्त निसटते. फक्त खर्जाचा स्टॉप उघडा, ४२ पट्ट्या एकेक करून हळू दाबात वाजवा. मग तो बंद करून फक्त नराचा. प्रत्येक पट्टीला तीन गोष्टी ऐकायच्या: लगेच बोलते का, फरफरते का, आणि शेजारच्या पट्टीइतकाच जोर आहे का. खर्जाचे जाड सूर हळू दाबात जरा उशिरा बोलतात, ते स्वाभाविक आहे. पण शेजारच्या पट्टीपेक्षा एखादा खूपच मागे राहत असेल तर त्याची नोंद करा.

मुक्या सुराचं कारण बहुतेक वेळा धूळच असते. पितळी चौकटीत पितळी जीभ, दोघींमधली फट केसाइतकी. तिथे लाकडाचा एक भुसा अडकला की जीभ हलत नाही. फरफर येते ती जीभ आदळून एका बाजूला सरकली आणि चौकटीच्या कडेला घासू लागली म्हणून, किंवा सुराचे दोन स्क्रू हादऱ्याने सैल झाले म्हणून. मुका सूर आधी बाहेरूनच सोडवून बघा: तो एकच स्टॉप उघडा ठेवून पट्टी दाबा आणि भात्याने चार-सहा वेळा जोरात हवा सोडा. पुष्कळदा तेवढ्यावर सूर बोलू लागतो. नाही बोलला तर आत जावं लागेल, पण परत करायची मुदत संपेपर्यंत स्क्रूड्रायव्हर हातात घेऊ नका. पाटीचे स्क्रू उघडल्याच्या खुणा दिसल्या की दुकान परतीला नकार द्यायला मोकळं होतं.

मुदत संपली आणि पेटी ठेवायची ठरलं की पाटी उचलून जिभेखालून पातळ कागदाची पट्टी हलक्या हाताने ओढा. बोट लावू नका, घामाने पितळ काळं पडतं. जीभ वर उचलू तर मुळीच नका. तिचा बाक बदलला की तो सूर नीट बोलतच नाही आणि मग कारागिरालाही तो सारखा करायला वेळ लागतो. परीक्षणाच्या पेटीतली पांढरी तीन कागदाने सुटली. काळी दोनचा सूर सरळ करायला कारागीरच लागला.

सूर बरोबर लागले आहेत का, हे मोबाइलवरच्या ट्यूनरने मोजता येतं. पेटी ४४० हर्ट्झला (म्हणजे मध्य सप्तकातली पांढरी सहा ४४०) लावलेली असेल तर मध्य सप्तकातली पांढरी एक २६१.६ आणि काळी एक २७७.२ हर्ट्झ यायला हवी. मोजताना भात्याचा दाब सारखा ठेवा, जोरात मारला तर सूर थोडा उतरतो. ५ सेंटपर्यंतचा फरक चालतो (पांढरी एक ते काळी एक एवढ्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट). ४४० हर्ट्झला ५ सेंट म्हणजे साधारण सव्वा हर्ट्झ. पण शिकणाऱ्यासाठी याहून महत्त्वाचं असतं ते पट्ट्यांचं आपसातलं नातं. सगळ्याच पट्ट्या ४ सेंट उतरलेल्या असतील तर गाणाऱ्याचं काही बिघडत नाही. सा बरोबर आणि प मात्र ८ सेंट चढलेला, हे चालत नाही. लहान मूल त्याच चुकीच्या पंचमाला बरोबर समजून शिकतं. नंतर खर्ज आणि नर दोन्ही उघडून एकेक पट्टी धरा. आवाजात लाटा ऐकू येतील. सेकंदाला एखादी मंद लाट चालेल, चार-पाच लाटा येत असतील तर त्या पट्टीचे दोन सूर एकमेकांशी जुळलेले नाहीत.

पट्ट्यांकडे समोरून, डोळे त्यांच्याच उंचीला नेऊन बघा. सगळ्यांची रेघ एक हवी. एखादी पट्टी खाली बसलेली असेल आणि स्टॉप उघडल्यावर तिचा सूर आपोआप वाजत असेल तर पट्टीखालची चामड्याची झडप भोकावर पूर्ण बसत नाही. कारणं तीन: स्प्रिंग सुटली, झडपेखाली काही अडकलं, किंवा चामडं कसरीने खाल्लं. पहिली दोन क्षुल्लक. तिसरं कारण असेल तर एकच झडप खाल्लेली नसते. गोदामात महिनोन्महिने पडलेल्या पेटीत कसर लागली की ती बऱ्याच ठिकाणी असते. जाळी काढून टॉर्चने बघा: बारीक भुकटी, चामड्याच्या कडा कुरतडलेल्या. असं दिसलं तर पेटी परत.

आता हिशेब. कडीचा स्क्रू, तिरका स्टॉप, एक-दोन मुके सूर, एखादी सुटलेली स्प्रिंग, भात्याच्या एका कोपऱ्यावरची नखाएवढी फट, ही सगळी पेटीवाल्याकडे एका बैठकीत होणारी कामं. सैल झालेल्या स्क्रूच्या भोकात लाकडाची काडी आणि फेव्हिकॉल घालून दुसऱ्या दिवशी स्क्रू पुन्हा बसवला की झालं. कोपऱ्याला पातळ चामड्याचा तुकडा चिकटवतात. म्हणूनच परीक्षणाच्या पेटीतले सगळे दोष मिळूनही ४,६०० रुपयांच्या फरकापुढे किरकोळ ठरले. याच्या वरच्या पायरीवर सगळे सूर नव्याने लावणं, सगळ्या झडपांचं चामडं बदलणं आणि भात्याच्या घड्या नव्याने मढवणं ही कामं येतात. खर्ज-नर मिळून ८४ सूर असतात आणि प्रत्येकाची जीभ टोकाशी खरवडून चढवावी लागते किंवा मुळाशी खरवडून उतरवावी लागते. एवढं काम निघत असेल तर सवलत त्यातच संपते. आमचा ठोकताळा असा की दुरुस्तीचा खर्च किमतीतल्या फरकाच्या निम्म्याच्या आत राहत असेल तर पेटी ठेवावी. दोषाचे फोटो आणि व्हिडिओ जुन्या शहरातल्या एखाद्या पेटीवाल्याला दाखवून मुदतीच्या आतच आकडा विचारून घ्या. म्युझिक कॉलेजमधली किंवा कुठल्याही भजनी मंडळातली माणसं चांगला कारागीर सांगतात.

आणि काही दोष असे की त्यांना सवलत कितीही असो, पेटी ठेवायची नाही. सुरांच्या पाटीला चीर गेली असेल तर हवा एका सुराच्या भोकातून शेजारच्यात जाते. पट्टी एक दाबा, दोन सूर ऐकू येतात. ही चीर डिंकाने बुजवली तरी पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उघडते. पाण्याने भिजून प्लाय फुगलेली पेटीही तशीच; तळाच्या कडेला थर सुटलेले दिसतात आणि कुबट वास येतो. तिसरा दोष म्हणजे चौकट पिळलेली. पेटी सपाट टेबलावर ठेवून चारही कोपरे दाबा. डुगडुगली तर पेटी फिरवून पुन्हा बघा, आणि तरीही डुगडुगली तर ती पिळलेली आहे.

स्केल चेंजरच्या पेट्यांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण सवलतीचे मोठे आकडे त्यांच्यावरच दिसतात. त्यात पट्ट्यांची सगळी चौकट झडपांवरून डावी-उजवीकडे सरकते आणि प्रत्येक घरात नेमकी बसावी लागते. एक-दीड मिलिमीटरचा फरक पडला तरी पट्टी दोन झडपांच्या मध्ये येते, मग एकतर अर्धा आवाज किंवा दोन सूर एकदम. आदळलेल्या स्केल चेंजरमध्ये हा दोष एखाद-दोन घरांत असतो आणि बाकीची घरं नीट वाजतात, त्यामुळे घाईत कळत नाही. घ्यायचीच असेल तर प्रत्येक घरात सरकवून सगळ्या पट्ट्या वाजवा. नऊ घरांच्या पेटीत म्हणजे नऊ वेळा पूर्ण तपासणी. आमचं स्पष्ट मत असं की परत आलेली स्केल चेंजर ऑनलाइन घेऊच नये. ती समोर बसून, वाजवून घ्यायची वस्तू आहे. शिकणाऱ्याला तिची गरजही नसते. वेगळ्या स्वरात गायचं तर पट्टी बदलून वाजवायला शिकणं हाच शिक्षणाचा भाग आहे.

यादीतल्या दाव्यांबद्दल थोडंसं. ‘जर्मन सूर’ असं लिहून तेरा-चौदा हजारांत कुणी पेटी विकत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. खरे जुने जर्मन सूर त्या भावात मिळत नाहीत. ‘पालिताणा’ लिहिलेलं असेल तर ते जास्त प्रामाणिक. भावनगर जिल्ह्यातलं पालिताणा पेटीच्या सुरांसाठी नावाजलेलं आहे आणि मधल्या दर्जाच्या पेटीला ते सूर उत्तम चालतात. ‘सागवान’ लिहून प्लाय निघणं हाही नेहमीचा प्रकार. तळाची किंवा झाकणाची कापलेली कड बघा, थर दिसले तर प्लाय. हे वर्णनाशी न जुळणारं आहे आणि परतीचं पक्कं कारण आहे.

खरेदी कधी करावी यालाही बडोद्यात अर्थ आहे. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत लाकूड फुगतं, पट्ट्या एकमेकींना घासतात, आणि हा दोष पेटीचा की हवेचा हे परतीच्या मुदतीत ठरवता येत नाही. पट्टी जड वाटली म्हणून ती तासायला जाऊ नका. दिवाळीनंतर ती आपोआप मोकळी होते आणि तासलेली असेल तर मग खडखडते. एप्रिल-मेच्या चाळीस अंशांत उलट होतं, लाकूड आकसतं आणि नसलेल्या फटी दिसू लागतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. दिवाळीच्या सेलमध्ये विकलेल्यांतल्या परत आलेल्या पेट्याही त्याच सुमारास यादीत येतात.

परतीच्या सेवेबद्दल अनुभव संमिश्र आहे. चांगली बाजू अशी की दोष फोटोसकट कळवला तर पिकअप घरून होतं. अडचण दोन ठिकाणी येते. एक, पॉलिसीत ‘फक्त बदलून मिळेल’ असं लिहिलेलं असतं, आणि ओपन बॉक्सचा नग एकच असल्याने बदलून द्यायला दुसरा नसतो. अशा वेळी पैसे परत मिळणार का, हे मागवण्याआधी चॅटवर विचारा आणि उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा. दोन, पिकअपला आलेला माणूस मूळ खोका नसेल तर पेटी नेत नाही. म्हणून मुदत संपेपर्यंत खोका, थर्मोकोल, फोम काहीही टाकू नका. तक्रार नोंदवताना ‘आवडली नाही’ हा पर्याय निवडू नका. ‘सदोष’ किंवा ‘वर्णनाप्रमाणे नाही’ निवडा आणि कुठल्या पट्टीचा कुठला सूर हे लिहा. ‘आवाज बरोबर नाही’ एवढंच लिहिलं तर समोरच्याला काही कळत नाही आणि तक्रार बंद होते.

कायदा ग्राहकाच्या बाजूने आहे आणि सवलतीचा माल म्हणून तो बदलत नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे माल सदोष असेल किंवा जाहिरातीतल्या वर्णनासारखा नसेल तर विक्रेता तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देऊ शकत नाही. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि एका महिन्यात निवारण करायचं असतं. अडलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्याही पुढे जायची वेळ आली तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मात्र यादीत जो दोष स्पष्ट लिहिलेला होता, त्याबद्दल नंतर भांडता येत नाही. त्यामुळे खरेदीच्या दिवशीच यादीचं पूर्ण पान स्क्रीनशॉट काढून ठेवा. वस्तू विकली गेली की ते पान बदलतं.

परत पाठवायची झाली तर पेटी नीट भरा, कारण ती पुढे आणखी कुणाच्या तरी घरी जाणार आहे. भाता बंद करून दोन्ही कड्या लावा, स्टॉप आत, कपलर बंद, पट्ट्यांवर घडी घातलेलं सुती कापड आणि मग झाकण. आठही कोपऱ्यांना थर्मोकोल.

बाकी वाद्यांचं थोडक्यात. ओपन बॉक्समधला तबला घेताना पुडीकडे (तोंडावरच्या चामड्याकडे) बघून किंमत ठरवू नका. पुडी कधीतरी बदलावीच लागते. दायाँच्या लाकडाला चीर नाही आणि डग्ग्याला पोचा नाही एवढं बघा, नव्या पुडीचा खर्च किमतीत धरा. शाई (पुडीवरचा काळा गोल) कडेला सुटू लागली असेल तर ती पुडी फार दिवस टिकणार नाही. सतार आणि तानपुरा कुरिअरने परत आलेला घेऊ नका: भोपळ्याची केसाएवढी चीर पॉलिशखाली लपते आणि तारा चढवल्यावर उघडते. बासरी दुसऱ्याने फुंकलेली, शिवाय बांबूची उभी चीर फोटोत दिसत नाही, नवीच घ्या. इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि कीबोर्ड मात्र या विभागातून खुशाल घ्यावेत. ॲडॅप्टर मूळचाच आहे का, सिरियल नंबर बिलावरच्याशी जुळतो का आणि वॉरंटी पहिल्या ग्राहकाच्या तारखेपासून मोजली जाणार की तुमच्या, हे तीन प्रश्न मागवण्याआधी विचारून घ्या.